पोतदार आडनावाचा माग : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

कामाला सुरुवात. पोतदार हे आडनाव कुठून आलं, ते कोणकोणत्या समाजांत आहे आणि आमच्या वाळवा तालुक्यात कुठे कुठे पसरलंय, हे कागदांवरून ठरवायचं आहे. माझं आडनाव पोतदार, जात पांचाळ सोनार, गाव कृष्णाकाठचं. संगणकाची बाजू चुलतभाऊ पाहणार, कागदांची मी. कुलकर्णी, चौगुले, पोतनीस, पारखी अशा हुद्द्यावरून पडलेल्या कुठल्याही आडनावाचा शोध बराचसा याच वाटेने जातो. वेळ आणि पैसा कुठे जातो ते पुढच्याला आधीच कळावं म्हणून या नोंदी.

एक नियम ठरवला. घरात सांगितली जाणारी माहिती वहीच्या डाव्या पानावर लिहायची, उजवं पान फक्त कागदावर दिसलेल्या गोष्टींसाठी. डावीकडचं उजवीकडे न्यायचं तर समोर कागद हवा.

११ फेब्रुवारी

डावं पान एका बैठकीत भरलं. आत्या म्हणाली, आपले लोक बायकांच्या गळ्यातली पोत ओवून द्यायचे, म्हणून पोतदार. शेजारच्या गावच्या एका आजोबांनी भवानीपुढे पेटवतात ती पोत सांगितली. गोंधळाच्या वेळी पोत धरायचा मान त्यांच्या घराकडे होता म्हणे. तिसरं उत्तर धान्याच्या पोत्यांचं, सरकारी कोठारातली पोती मोजणारा तो पोतदार. थोरले काका मात्र एवढंच म्हणाले, "पैसे पारखायचे आपले लोक. सरकारचे."

चारही उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली. घरच्या माणसांना तिथल्या तिथे दुरुस्त करू नये. एकदा त्यांना वाटलं की आपलं चुकतंय, की ती बोलायची थांबतात आणि खरी कामाची माहितीही आतच राहते.

२२ फेब्रुवारी

कोशांचा दिवस. यात पैसा लागत नाही, वेळ थोडा लागतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच दूर होतात.

शब्द फारसी आहे. फोता म्हणजे कापड, पिशवी, पैशाची थैली, आणि त्यावरून खजिना, सरकारी भरणा. दार हा प्रत्यय इनामदार, हवालदार, चोपदार यांतलाच. ऐन-इ-अकबरीत खजिनदाराबद्दल लिहिताना त्याला चालू बोलीत फोतादार म्हणतात असं सांगितलंय. हा सोळाव्या शतकाच्या अखेरचा पुरावा. मराठीत फ चा प झाला आणि पोता, पोतं असे शब्द खजिन्यासाठी रुळले. जुन्या हिशेबांत रक्कम 'पोत्यास जमा' होते ती खजिन्यात. म्हणजे पोत्यांचं ते तिसरं उत्तर शब्दाच्या जवळ होतं, फक्त त्या पोत्यात धान्य नव्हतं, नाणी होती. गळ्यातल्या पोतीचा आणि भवानीच्या पोतीचा या शब्दाशी संबंध नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, पोतदाराची दोन कामं दिसतात: खजिन्यात येणाऱ्या नाण्यांची पारख करणारा अंमलदार, आणि गावचा सोनार. ही दोन कामं एका शब्दाखाली का आली, ते पुढच्या नोंदीत.

त्याच शब्दाची भावंडं देशभर आहेत. त आणि द एकमेकांत मिसळून उत्तरेत आणि बंगालमध्ये पोद्दार झालं, मारवाडी घराण्यांत पोद्दार आणि पोदार अशी दोन्ही रूपं चालतात, काश्मिरी पंडितांत मूळ फ टिकून फोतेदार राहिलं. गीताप्रेसच्या 'कल्याण'चे संपादक हनुमानप्रसाद पोद्दार, राजकारणातले माखनलाल फोतेदार आणि आपल्याकडचे इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (१८९०–१९७९) यांची आडनावं एकाच हुद्द्याची. त्यांचं एकमेकांशी नातं मात्र काही नाही. या प्रकल्पात हे वाक्य सतत समोर ठेवावं लागतं.

दोन सावधगिऱ्या. उत्तर कर्नाटकातले पत्तार हेही सोनारकाम करणारे, पण तो शब्द वेगळा. आडनाव ऐकायला जवळचं म्हणून दोन्ही एकत्र करू नयेत. पोतनीस मात्र याच कुटुंबातला. पोतदार नाणं पारखायचा, पोतनीस रोकड जमाखर्च लिहायचा. मराठी राज्यातल्या आठ दरकदारांत, म्हणजे ठरलेल्या हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांत, दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार यांच्या जोडीला पोतनीस येतो.

३ मार्च

पोतदाराची गरज का होती, हे नीट समजून घेतलं नाही तर पुढचे कागद वाचता येत नाहीत. म्हणून यावर वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला.

आजचा रुपया कुठेही रुपयाच. अठराव्या शतकात तसं नव्हतं. पुण्याच्या बाजूला अंकुशी रुपया चाले, खानदेश-नाशिककडे चांदवडी, दक्षिणेत बागलकोटच्या टांकसाळीचा मल्हारशाही. सोन्याचे होन होते, तांब्याची शिवराई होती. प्रत्येकाचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा, आणि जुनं होत गेलेलं नाणं झिजून आणखी हलकं. सरकारात वसूल भरताना कुठला रुपया किती किमतीला धरायचा, हे रोज ठरवावं लागे. कमी कसाच्या नाण्यावर बट्टा कापला जाई. नावाला बट्टा लागतो तो इथूनच.

हे ठरवायला कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस ओळखणारा डोळा आणि बारीक वजनाचा काटा लागतो. गावात ही दोन्ही साधनं एकाच घरात असत, सोनाराच्या. म्हणून गावपातळीवर सोनारच पोतदार झाला. परगण्याच्या कचेरीत किंवा किल्ल्याच्या खजिन्यावर हेच पद कारकुनी पेशाच्या माणसाकडेही जाऊ शके, आणि ब्राह्मण घराण्यांकडे गेलंही. मोल्सवर्थने दिलेल्या दोन अर्थांचा उलगडा असा होतो. एकाच आडनावाखाली वेगवेगळ्या जाती का दिसतात त्याचाही.

पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीचा १८० ग्रेनचा, बारात अकरा भाग चांदीचा एकसारखा रुपया आला. जुनी नाणी लगेच गेली नाहीत, पण पारख हळूहळू निरुपयोगी झाली. मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का रुपया १९५० च्या दशकापर्यंत चालू होता, त्यामुळे तिकडे नाण्यांच्या बदल्याचं काम आपल्यापेक्षा शंभरेक वर्षं जास्त टिकलं. पद गेलं, नाव राहिलं, आणि नेमकं त्याच शतकात शाळा, कोर्ट आणि महसूल खात्याने माणसाला कायमचं एक आडनाव लिहायला लावलं. आमचं आडनाव ठरलं ते असं: काम संपत असताना.

१९ मार्च

काकांच्या माळ्यावरचा रुमाल उतरवला. (रुमाल म्हणजे कागद बांधायचं चौकोनी फडकं, दप्तरखान्यांतही कागदांच्या गठ्ठ्याला रुमालच म्हणतात.) आत मोडी कागद, काही खतं, एक पावत्यांची चळत, आणि कसर लागलेली एक लांबट वही. ऊन दाखवायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, घडी जोराने उलगडायची नाही. मऊ ब्रशने धूळ काढली, घडीच्या जागी कागद तुटतोय असं दिसलं की तिथेच थांबलो. प्रत्येक पानाचा सावलीतल्या उजेडात फोटो, बाजूला पट्टी ठेवून, आणि फोटोच्या नावात रुमाल, गठ्ठा, पान असा क्रमांक. फोटोंना क्रमांक देण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण ते पहिल्याच दिवशी उरकावं.

८ एप्रिल

मोडी लिप्यंतर बाहेरून करून घेतलं. पानामागे ३०० रुपये ठरले. मी स्वतः छापील धडे गिरवतोय, पण शिकलेलं मोडी आणि गावच्या कारकुनाचं पळतं मोडी यांत फार अंतर आहे. आधी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवायचा नाही, वरून मौजे, मजकूर, राजमान्य असल्या शब्दांची संक्षिप्त रूपं. महत्त्वाचा कागद जाणकाराकडूनच वाचून घ्यावा.

यात एक कागद सोन्यासारखा निघाला. गावच्या वसुलाची यादी, आणि हक्कदारांमध्ये 'सोनार पोतदार'. नाव, बापाचं नाव, जात आणि हुद्दा एका ओळीत. आडनाव मात्र नाही. म्हणजे तेव्हा पोतदार हे घराचं नाव नव्हतं, त्या माणसाचं काम होतं.

२५ एप्रिल

याच यादीच्या तारखेने आम्हाला दोन आठवडे अडवून ठेवलं. लिप्यंतरात साल आलं होतं 'समान सबा मया व अलफ'. हे शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या सरकारी कागदांतली कालगणना, आकडे अरबी शब्दांत आणि एकंपासून सुरू. समान म्हणजे ८, मया १००, अलफ १०००. पण सबा म्हणजे ७, आणि एकंच्या जागी ८ असताना त्याच्या शेजारी आणखी एक ७ बसूच शकत नाही. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर अक्षराची शेपटी घडीत गेलेली. शब्द सबैन, म्हणजे ७०. समान सबैन मया व अलफ, ११७८. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मेअखेरपर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. यादी १७७७–७८ ची.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हे शब्द भिंतीवर लावून ठेवावेत. अहद १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. शंभर मया, दोनशे मयातैन. मया आणि मयातैन यांत गल्लत झाली तर पूर्वज एका शतकाने पुढे सरकतो. लिप्यंतर करणाऱ्याकडून साल शब्दांत मागून घ्यावं, आकडा आपण काढावा.

२ मे

महसुली कागदांकडे वळलो आणि कामच थांबलं. ७ तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान, सगळा कर्मचारीवर्ग निवडणुकीच्या कामावर. वर्षाची आखणी करताना निवडणुका, मार्चअखेर आणि पीक पाहणीचे दिवस वगळून ठेवावेत.

तोवर घरी बसून एक गोष्ट पक्की केली, जिने पुढे फार वेळ वाचवला. आमचा जिल्हा सांगली, पण सांगली जिल्हा मुळात १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. त्याआधी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात. शेजारी पटवर्धनांची सांगली, मिरज ही संस्थानं, त्यांचा कारभार वेगळा. म्हणजे १९४९ पूर्वीचा आमचा कागद 'सांगली' या शब्दाखाली शोधण्यात अर्थ नाही. आपलं गाव कोणत्या साली कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात, संस्थानात होतं याची कालपट्टी आधी बनवा, मगच अर्ज करा. अर्जावर चुकीचा जिल्हा पडला तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, आणि ते उत्तर त्यांच्या दृष्टीने बरोबरच असतं.

१३ जून

शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, दोन्ही पाहायला मिळाली. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या वह्यांची किंमत सगळ्यांना कळली आहे. काही ठिकाणी त्या आता स्कॅन झाल्या आहेत. जुने फेरफार आणि सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर गावानुसार पाहता येतात.

शाळेच्या रजिस्टरात जे दिसलं ते थक्क करणारं होतं. एकाच बापाची तीन मुलं, तीन आडनावांनी. थोरला 'सोनार', मधला 'पोतदार', धाकटी 'वेदपाठक'. पहिल्याच्या वेळी मास्तरांनी जातीचा रकानाच आडनाव म्हणून लिहिला असावा, दुसऱ्याच्या वेळी गाव ज्या नावाने घराला ओळखत होतं ते, आणि मुलीच्या वेळी घरच्यांनी स्वतः सांगितलेलं. ही माझी समजूत, डाव्या पानावर. पण तीन नोंदी उजव्या पानावर आहेत आणि बापाचं नाव, राहण्याची जागा, जन्मतारखांमधलं अंतर सगळं जुळतंय.

वेदपाठक! घरात हे नाव कुणीच कधी घेतलं नव्हतं. पांचाळ सोनारांत वेदपाठक, महामुनी, दीक्षित, पंडित अशी आडनावं आपल्या भागात भरपूर आहेत, त्यामुळे अशक्य काहीच नव्हतं. तरी एका रजिस्टरावर विसंबून चालणार नाही.

१८ जुलै

नाशिक. पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला, सिंहस्थाला आलेला माणूस स्वतःचं, वडिलांचं, भावांचं नाव आणि गाव सांगतो, ते लिहिलं जातं, अनेकदा त्याच्या स्वतःच्या अक्षरात.

मी आडनाव सांगायला लागलो तर गुरुजींनी थांबवलं. "आधी गाव सांगा. मग जात. आडनाव शेवटी." वह्या तशाच लावलेल्या आहेत, आणि त्यात मोठं शहाणपण आहे. आडनाव बदलतं हे त्यांना आमच्या आधी कित्येक पिढ्या माहीत होतं. आमच्या गावची वही कोणाकडे आहे हे दोन घरं विचारत गेल्यावर कळलं.

पान सापडलं. पणजोबांच्या आधीच्या पिढीतल्या एकाने लिहिलंय: 'वेदपाठक उर्फ पोतदार', खाली गाव, भावांची नावं. त्याच्या आधीच्या नोंदीत फक्त वेदपाठक. नंतरच्या सगळ्या नोंदींत फक्त पोतदार. एका घराचं आडनाव कसं पालटलं, हे एका वहीत, तीन पानांत समोर होतं. मला वाटतं आडनावाच्या शोधात याहून भक्कम कागद मिळणं कठीण, कारण इथे लिहिणारा सरकारी कारकून नाही, माणूस स्वतः आपलं नाव सांगतोय.

फोटो काढायला आधी विचारावं. दक्षिणा किती द्यायची ते कुणी मागितलं नाही. मी ५०१ रुपये ठेवले आणि आमच्या आजच्या पिढीची नावं वहीत लिहून आलो.

९ ऑगस्ट

तालुक्यातली सगळी पोतदार घरं एका झाडावर आणायची, हा बेत आज सोडून दिला. तो सोडण्याची कारणं नीट लिहितो, कारण बहुतेक आडनाव-प्रकल्प याच जागी अडकतात.

नदीपलीकडच्या गावचे पोतदार देशस्थ ब्राह्मण. त्यांच्याकडच्या कागदांत पद परगण्याच्या कचेरीतलं. पेठेतले पोतदार लाड सोनार. सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला भेटलेले पोतदार दैवज्ञ. आम्ही पांचाळ. या घरांत सोयरीक नाही, कुलदैवतं वेगळी, जुनी आडनावं वेगळी. गोत्राचा आधार घेऊन पाहिला तर पांचाळांत सुवर्णकार शाखेचं गोत्रच सुपर्ण, म्हणजे सगळ्यांचं एकच. शाखा वेगळ्या करायला त्याचा उपयोग शून्य. नातेवाइकांच्या समूहात एकाने 'आपण सगळे पोतदार एकाच घराण्यातले' असं लिहिलं तेव्हा अनेकांना ते आवडलं. मला ते नाकारावं लागलं आणि थोडी नाराजीही आली. पण ज्या ज्या गावात नाणं पारखायची गरज होती, तिथे तिथे एक पोतदार उभा राहिला. या आडनावाला एक मूळ पुरुष नाही. जितकी गावं, तितकी मुळं.

आता काम गावनिहाय. प्रत्येक पोतदार घरासाठी एक पान: गाव, समाज, कुलदैवत, पोतदारच्या आधीचं आडनाव, सगळ्यात जुनी कागदी नोंद. या पाचांत आधीचं आडनाव सर्वांत मोलाचं.

१२ सप्टेंबर

आता संख्या. किती पोतदार, कुठे?

जनगणनेकडे हे उत्तर नाही. जनगणना आडनावांची कोष्टकं करत नाही. जातीची संपूर्ण कोष्टकं शेवटची १९३१ ची. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणनेत लोकांनी जातीच्या जागी आडनाव, कूळ, गोत्र काहीही सांगितलं आणि ४६ लाखांहून जास्त नावांची यादी तयार झाली. १९३१ मध्ये हीच संख्या ४,१४७ होती. आडनावावरून जात आणि जातीवरून आडनाव काढू पाहणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. आंतरजालावर आडनावांची लोकसंख्या सांगणारी संकेतस्थळं आहेत, पण ती आकडा कशावरून काढतात हे दाखवत नाहीत आणि पोतदार, पोद्दार एकत्र धरतात की वेगळे तेही कळत नाही. त्यातला एकही आकडा वहीत घेतला नाही.

राहिली मतदार यादी. विधानसभेआधीची अद्ययावत यादी भागनिहाय उतरवता येते. चुलतभावाने काम हातात घेतलं.

३० सप्टेंबर

यादीच्या फायली म्हणजे पानांची चित्रं. त्यात शब्द शोधता येत नाही. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीचा मराठी संच वापरून चित्रांतून मजकूर काढला. पहिल्या फेरीचा निकाल निरुपयोगी होता: तीन रकाने एकमेकांत घुसले, एकाचं नाव दुसऱ्याच्या वडिलांना लागलं. उपाय असा केला की आधी प्रत्येक पान मतदारांच्या चौकटींत कापायचं आणि मग एकेक चौकट वाचायला द्यायची. वेळ कितीतरी पट लागला, पण नावं जागेवर आली.

मग वाचनाच्या चुका. पोतदार कधी पातदार, कधी पोतटार, कधी पोत दार. नुसतं 'पोतदार' शोधलं तर बरीच नावं निसटतात. म्हणून एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक चालवून घेणारा शोध लावला आणि आलेली प्रत्येक ओळ मूळ चित्राशी डोळ्यांनी ताडली. तिथे पोतराज, पोळ, पाटोळे असली भलतीच नावंही येतात, ती हाताने काढावी लागतात. हे काम यंत्रावर सोडू नका.

यादीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. अठरा वर्षांखालचे नाहीत. मुंबई-पुण्याला नाव हलवलेले नाहीत. लग्न होऊन आलेली सून पोतदार म्हणून मोजली जाते आणि इथली लेक दुसऱ्या गावी दुसऱ्या आडनावाने. म्हणून आम्ही माणसं न मोजता घरं मोजायचं ठरवलं, घर क्रमांक आणि वडील-पतीचं नाव जुळवून. कुणाचंही नाव आमच्या तक्त्यात ठेवलं नाही, फक्त गाव आणि घरांची संख्या. यादी सार्वजनिक असली तरी लोकांची वयं आणि पत्ते पसरवण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

२१ ऑक्टोबर

नकाशावर ठिपके मांडले. पोतदार घरं सगळ्या गावांत सारखी पसरलेली नाहीत. जुनी कसब्याची आणि बाजाराची गावं, जिथे पेठ आहे, तिथे दाटी. शेजारच्या लहान वाड्यांत जवळपास नाहीतच. तिथे सोनार आहेत, पण त्यांची आडनावं वेगळी. वसूल जिथे गोळा होई तिथे पारखी बसे, हे ३ मार्चच्या नोंदीत कायद्या-कोशांवरून लिहिलं होतं. ते इथे जमिनीवर दिसतंय. अपवाद एकच. एका गावात पोतदार आहेत पण पेठ कधी नव्हती. विचारल्यावर कळलं, घर धरणात बुडालेल्या गावातून उठून आलंय. ठिपका आजचा असतो, आडनाव जुन्या गावाचं.

५ डिसेंबर

पुणे पुरालेखागार. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल इथे आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातून निवडून छापलेले खंड आधी चाळून गेलो, ते बरं झालं. अर्ज, ओळखपत्र, विषय लिहून द्यावा लागतो. 'पोतदार आडनावाचा इतिहास' असा विषय लिहिला तर मदत करणाऱ्यालाही सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. प्रांत, परगणा, गाव आणि सालांचा पट्टा सांगितला की रुमाल हाती येतात. परगण्याच्या हिशेबांत पोतदाराच्या नावावर पडलेली रक्कम दिसली, आमच्या यादीतल्यासारखीच, पण आमच्या गावचं पान अजून मिळालेलं नाही. पुढच्या खेपेला इनाम कमिशनचे कागद मागणार आहे. १८५२ च्या कायद्याने ते कमिशन हक्क तपासत होतं, आणि तिथे हक्क सांगायला आलेल्या माणसाला आपली वंशावळ द्यावी लागे.

१९ डिसेंबर

राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या सूचना असतात. त्यात 'सोनार'चे 'पोतदार' झालेले दिसतात, क्वचित उलटंही. खानदेशाकडे सोनार हेच आडनाव म्हणून चालतं, तिथून आलेली माणसं जास्त. आजचा पोतदार कधी कधी कालच्या सूचनेने झालेला असतो, त्याच्या मागे पारखीचं पद शोधण्यात अर्थ नाही. घरांच्या पानावर 'आधीचं आडनाव' या रकान्याशेजारी 'बदल कसा' असा एक रकाना वाढवला.

खर्चही इथेच लिहून ठेवतो. सर्वांत मोठा भाग मोडी लिप्यंतराचा, आठ-नऊ हजार. प्रवास त्याच्या खालोखाल. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये आणि पानाला २ रुपये, त्याने पिशवी हलकी होत नाही. नकलांसाठी वाट पाहण्यात महिने जातात. संगणकाचं काम फुकट, पण चुलतभावाच्या बऱ्याच रविवारांचं.

१४ जानेवारी २०२५

मूळ कागद आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत घालून पुन्हा रुमालात बांधले, रुमालाबाहेर यादी लावली. फोटोंच्या तीन प्रती, तीन घरांत. वंशावळीवर वरच्या टोकाला 'पोतदार' होतं ते खोडून 'वेदपाठक' लिहिलं आणि नाशिकच्या नोंदीपासून खाली 'पोतदार' सुरू केलं. आत्याला तक्ता दाखवला. तिने पोतीच्या माळेचं विचारलं; ती गोष्ट डाव्या पानावर तिच्या नावाने तशीच ठेवली आहे.

शिरोळ आणि कराडकडच्या दोन पोतदार घरांनी कागद दाखवायला बोलावलंय. त्यांच्याकडे जाताना घरांच्या पानाचे कोरे नमुने आणि शुहूर सनाचा तक्ता सोबत नेणार. पहिला प्रश्न गावाचा.